मशीन वाढवली

७ एप्रिल, संग्रामपूर

आलो एकदाचा! सामान ते काय, एक बॅग, एक गादी आणि हत्यारांची पेटी. खामगावच्या ऑफिसात धम्मदीप सरांनी निघताना बजावलं होतं की खोली लहान आहे, कुरकुर करू नका. लहान कसली? पुण्यात आम्ही चौघे जिच्यात कोंबून राहत होतो तिच्या दुप्पट आहे. पुढच्या खोलीत कंपनीच्या ऑक्सिजनच्या मशिनी, मागच्या खोलीत मी. मागच्या खिडकीतून सातपुडा दिसतो. उन्हानं पार करपलाय, पण दिसतो.

काम सोपं आहे, निदान आज तरी तसं वाटतंय. तालुक्यात एकोणीस पेशंट आहेत. फुफ्फुसं निकामी झालेली माणसं, घरीच मशीनवर असतात. मशीन खोलीतलीच हवा ओढते, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढते आणि नळीनं नाकात सोडते. मी ती बसवायची, महिन्याला तपासायची, बिघडली की धावायचं. कंपनीनं मोबाईल दिलाय, पेट्रोल दिलंय आणि पाठीवर माझं नाव 'सौमित्र' छापलेला निळा शर्ट दिलाय. शर्ट घालून आईला बुलढाण्याला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर, डॉक्टर झाल्यावानी काऊन उभा राह्यला रे?

१० एप्रिल

आज पहिली मशीन स्वतःच्या हातानं बसवली. इथून बारा किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी गाव. पेशंटचं नाव रामराव, वय बहात्तर. पाच पावलं चालले की ओठ निळे पडतात. बोटाला चिमटा लावला, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती ते दाखवणारं यंत्र. एक्क्याऐंशी. मशीन दोन लिटरवर सुरू केली, नळी नाकात घातली आणि दहा मिनिटांत ब्याण्णव! म्हातारा हसला. आता कसं माणसात आल्यावानी वाटून राह्यलं, म्हणाला. मला इतकं भारी वाटलं की काय सांगू. पुण्यात वर्षभर दवाखान्यातल्या खाटांच्या मोटारी दुरुस्त केल्या, एक माणूस हसला नाही माझ्याकडे बघून.

मशीन सांभाळणार त्यांची बायको, कोकिळाबाई. मुलगा शालिग्राम दिवसभर शेतात. बाईंना लिहायला-वाचायला येत नाही म्हणून प्रत्येक गोष्ट तीनतीनदा वदवून घेतात. माझा नंबर त्यांच्या फोनच्या एकच्या बटनावर टाकून दिला, दाबून धरलं की लागतो. ही गोल कळ फिरवली की काचेच्या नळीतली गोटी वर चढते, म्हणजे ऑक्सिजन वाढतो. हे लाल बटन दाबलं की मशीन बंद. 'बंद' म्हटल्याबरोबर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बिमार माणसाजवळ बंद म्हणू नये, साहेब, वाढवली म्हणा. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान संध्याकाळी वाढवतात. तशी मशीनही वाढवायची. मी म्हटलं, अहो बाई, घोटाळा होईल, तुम्ही वाढवली म्हणाल आणि मी समजेन ऑक्सिजन वाढवला! सगळे हसले. रामराव हसता हसता खोकले.

गंमत म्हणून लिहून ठेवतोय. येताना त्यांनी शर्टाच्या खिशात मूठभर शेंगदाणे कोंबले.

१७ एप्रिल

डोक्याला ताप नुसता! एकोणीस पेशंट म्हणजे एकोणीस घरची भुतावळ. एकानं आवाज येतो म्हणून चालू मशीनवर गोधडी टाकली. आतून तापून तिचा पार तवा झाला होता. दुसऱ्यानं ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत बोअरचं पाणी भरलं. आपल्या खारपाणपट्ट्यातलं पाणी ते, आठ दिवसांत बाटलीच्या तळाला मिठाचा थर. तिसऱ्याकडे लाईन इतकी कमी की मशीन उचक्या देते, आणि ते मलाच विचारतात की तुमची मशीन अशी काऊन? अरे, विजेची डीपी काय माझ्या खिशात आहे?

आणि कोकिळाबाई! दिवसाला पाच फोन. गोटी हालून राह्यली. बाटलीत बुडबुडे मोठे येऊन राह्यले. मशीनवर पाल बसली, चालन का? आज मी सरळ म्हणालो, पालीला विचारा. त्यांनी फोन ठेवला. मग अर्ध्या तासानं परत फोन, की पाल गेली.

त्यांच्याकडचा जास्तीचा सिलिंडर संपलाय. लाईन गेली तर तोच आधार. भरायला खामगावला पाठवलाय, शनिवारी यायचा होता. गाडीच आली नाही. सरांना फोन केला तर म्हणे ॲडजस्ट करा. श्वास कसा ॲडजस्ट करतात ते एकदा दाखवा म्हणावं.

२२ एप्रिल

रामराव गेले.

जसं झालं तसं लिहितो. दुपारी दोनला मी जळगाव जामोदच्या रस्त्यावर होतो. गाडी पंक्चर, ऊन बेचाळीसचं, पंक्चरवाला जेवायला गेलेला. सकाळपासून अकरा फोन झाले होते. बारावा कोकिळाबाईंचा. मशीन चिरकून राह्यली, लाल लाईट लागला, जळका वास येऊन राह्यला. साहेब, वाढवू का? मी म्हटलं, वाढवा. त्यांनी परत विचारलं, वाढवली तं त्याहिले चालन ना? मी ओरडलो. चालेल हो! किती विचाराल? वाढवा आणि गप बसा, मी चारपर्यंत येतो! आणि फोन कापला.

सव्वाचारला पोचलो तर अंगणात माणसं. मशीन भिंतीशी बंद होती, तिच्यावर टॉवेल नीट घडी करून ठेवलेला. कोकिळाबाई नवऱ्याच्या उशाशी नळी हातात घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमी म्हणले तशी लगेच वाढवली, साहेब. दोनलेच.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. शालिग्रामनं विचारलं की मशीन बंद कोणी केली. मी म्हणालो, मी ऑक्सिजन वाढवा म्हणालो होतो. खोटं नाही ते. एक अक्षर खोटं नाही. सगळ्यांनी वळून म्हातारीकडे पाहिलं. ती हातातली नळी गुंडाळत राहिली.

२३ एप्रिल

कंपनीच्या रिपोर्टात 'मशीन बंद असल्यास कारण' असा रकाना असतो. 'घरच्यांनी बंद केली' असं लिहून सही केली. सर म्हणाले, तुमची काही चूक नाही, असं होत असतं.

मग ही वही उघडली. दहा एप्रिल. माझ्याच अक्षरात लिहिलंय. मला ठाऊक होतं. मीच हसून म्हणालो होतो घोटाळा होईल. बाईंनी मला आधीच सांगितलं होतं आणि मी ते गंमत म्हणून लिहून ठेवलं होतं! पान फाडायला हात लावला. फाडलं नाही. कोणीतरी वाचेल तर? वाचू दे. नको वाचायला. कळत नाही मला.

२६ एप्रिल

मशीन परत आणली. शालिग्रामनंच गाडीवर बांधून दिली. म्हणाला, आईचं डोकं फिरलं, म्हणते साहेबानंच सांगितलं होतं. गावातली पोरं तिला बटनवाली बुढी म्हणतात. सूनबाई तिच्या हातून पाणी घेत नाही. हे तो मला सांगतोय, माझी समजूत घालायला!

पुढच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली. वर एक बारका मीटर असतो, मशीन एकूण किती तास चालली ते दाखवणारा. ६३१८. नोंद केली, वायर गुंडाळून गाठ मारली.

२९ एप्रिल

महिनाअखेरचे आकडे सरांना पाठवायचे म्हणून सगळे मीटर तपासले. या मशीनचा ६३२४. तीन दिवसांत सहा तास. कुलपाची किल्ली माझ्याकडे. वायर गुंडाळलेली, गाठ माझीच. आधीच नीट वाचला नसेल. पण मी आकडे चुकत नाही, तेवढी एकच गोष्ट येते मला धड.

३० एप्रिल

जेवून दीडपासून मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो. स्वतःवरच हसत होतो.

दोन वाजता ती सुरू झाली. वायर माझ्या मांडीवर होती. लाईट लागला नाही, नुसता आवाज, आत हवा ओढल्याचा. बाटली कोरडी ठणठणीत, तरी आत बुडबुडे फुटल्याचा आवाज. नळीच्या टोकाशी गाल नेला, हवा येत नव्हती. मागच्या जाळीपाशी कागद धरला तर फटकन चिकटला. म्हणजे ओढतेय. ओढतेय आणि देत काही नाही.

मला धाप लागली. मी सव्वीस वर्षांचा, बिडी ओढत नाही, आणि मला खुर्चीतून उठवेना. चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याऐंशी. दार उघडून रस्त्यावर आलो, भर उन्हात उभा राहिलो, तरी तेवढेच. चारला आवाज थांबला. साडेचारला सत्त्याण्णव.

दोन ते चार. तेवढाच वेळ रामराव तिथं बसले होते, माझी वाट बघत.

२ मे

सरांचा हुकूम की ती मशीन इथल्याच सुलभाताईंकडे लावा. निवृत्त शिक्षिका, त्यांची जुनी मशीन बंद पडली. मी म्हटलं ही बिघडलेली आहे. काय बिघाड? सांगा ना काय बिघाड! मीच तपासली होती, ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के, एकदम ठणठणीत. काय सांगणार होतो, भूत आहे म्हणून? उद्या दुसरा माणूस ठेवतील माझ्या जागी.

संध्याकाळी लावली. ताई म्हणाल्या, किती शांत चालते हो ही.

३ मे

दोनला आरोहीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा फोन. आई बोलता बोलता थांबली, डोळे फिरवतेय. दोन गल्ल्या पळत गेलो. मशीन चालू, गोटी दोनवर, नळी नाकात आणि आकडा एकाहत्तर! नळी ओढून फेकली. मशीन उचलून बाहेर आणली आणि त्यांना सिलिंडर लावला. हळूहळू नव्वदवर आल्या. आरोही माझे आभार मानत होती. माझे! मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसरी मशीन दिली त्यांना. ही परत माझ्याकडे. खामगावला पाठवली तर सर तपासतील, ठणठणीत निघेल आणि कोणाच्या तरी नाकाला लावतील. म्हणून राहू दे इथंच. ओढायचंच आहे तर माझं ओढ.

५ मे

वायर कापली. तुकडे करून बाहेर फेकले.

दोन वाजता सुरू.

त्यातच कोकिळाबाईंचा फोन. गेले चार दिवस रोज येतोय, मी कापतोय. आज घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, साहेब, मले एकदा सांगा, मी बरोबर ऐकलं होतं ना? मी कोणाले सांगत नाही, माह्यापुरतं सांगा. मला बोलायला दम नव्हता. होता. थोडा होता. मी कापला.

६ मे

डॉक्टरांकडे गेलो. छातीचा फोटो स्वच्छ, ईसीजीची पट्टी स्वच्छ. टेन्शन घेता का, विचारलं. सकाळी अकराला गेलो होतो, सकाळी मला काय धाड भरलीय? दोनला या म्हणालो तर म्हणे दोनला दवाखाना बंद असतो.

आज साडेचारपर्यंत चालली. अर्धा तास जास्त.

८ मे

ठरवलं की सांगून टाकायचं. सगळ्यांसमोर. नोकरी गेली खड्ड्यात. सकाळी नऊलाच निघालो, म्हणजे दोनच्या आत मोकळा.

शालिग्राम अंगणातच भेटला. खुर्ची दिली, चहा सांगितला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, भाऊ, आईजवळ तो विषय काढू नका, ती तुमचंच नाव घेऊन राह्यली होती, लोकायसमोर लाज गेली आमची, मोठ्या मुश्किलीनं गप केली तिले. कोकिळाबाई ओसरीच्या टोकाला बसल्या होत्या. शेजारी वेगळा तांब्या, वेगळं ताट. माझ्याकडे एकटक बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

मी चहा प्यालो आणि परत आलो. आयुष्यात इतका संताप कोणाचा आला नव्हता जेवढा आज स्वतःचा आला. रिकामी कप-बशी खाली ठेवून, येतो म्हणून, उठून आलो मी!

वाटेत पुलाजवळ बारालाच धाप लागली. दोन नाही. बारा.

१० मे

शेगावला पळून गेलो, बसनं. मशीन इथं, मी तिथं, पन्नास किलोमीटर. अकराला स्टँडच्या बाकावर कोसळलो. लोकांनी पाणी पाजलं. कानात तोच आवाज. आत ओढल्याचा.

परत आलो. कुठं जाणार?

मीटर ६३७७. आता मी मोजत नाही.

११ मे

दुसऱ्या मशीनची नळी स्वतःच्या नाकात घालून बसलो. पाच लिटर. आकडा ब्याऐंशी — वाढत नाही. नळीतून हवा येते, लागतेय नाकाला, आणि तरी काही —

सरांचा फोन, पेशंटच्या तक्रारी येतायत, कुठं आहात. आजारी म्हटलं. ॲडजस्ट करा म्हणाले.

शालिग्रामला मेसेज लिहिला. सगळं लिहिलं. पाठवताना वाटलं हे मेसेजमध्ये सांगायचं नसतं, तोंडानं सांगायचं असतं. पुसला. भित्रा. भित्रा आहे मी, आणि वर कारणं देतोय.

१२ मे

सकाळी नऊपासून. थांबली तेव्हा सहा —

मधल्या वेळात कोकिळाबाईंकडे जाऊन यायचं होतं. गाडीला किक मारता आली नाही. तीन किक आणि खाली बसलो. शेजारच्या मंजुश्रीताईंनी विचारलं काय झालं. हातानंच काही नाही म्हटलं.

आकडा ७६.

१३ मे

थांबलीच नाही आज. पहाटेपासून चालू. मोबाईलवर शब्द उमटेनात, बोट — बोटं निळी. पेन धरता येतंय.

मंजुश्रीताई गाडी आणायला गेल्यात, दवाखान्यात न्यायला. काय करतील तिथं. नळीच लावतील.

फोन लावला. मीच लावला, कोकिळाबाईंना. ओठांवर सगळं तयार होतं. वाजला — उचलला त्यांनी.

कोण हाय? बोला ना.

आवाज निघाला नाही. नुसता श्वास. मी तोंड उघडतो आणि — घशातून काही नाही. हूं नाही की चूं नाही. त्या ऐकत होत्या. त्यांना नंबर वाचता येत नाही, मी कोण ते कळलं नाही. पण धाप कळली. दोन वर्षं ऐकलीय त्यांनी ती.

म्हणाल्या, कोनाचा पेशंट हाय बापा? लय दम लागून राह्यला तुमाले. घरी कोनी नाही का? उठून बसा, वाकून बसा पुढं. मी — मले नका विचारू काही. मले आता कोनी मशीनले हात लावू देत नाही. साहेबाले फोन लावा. ते येतात. रागावतात, पन येतात.

मग फोन ठेवला.

परत लावतो — नाही. बोलता येणार नाही. लिहून —

ही वही शालिग्रामला द्या. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावा. दहा एप्रिलपासून. कोकिळाबाई, तुम्ही बरोबर ऐकलं होतं. वाढवा म्हणजे काय ते तुम्ही मला आधीच सांगितलं होतं, मला ठाऊक होतं, तुमची काही चूक नाही, तुमच्या हातचं पाणी — सगळ्यांना म्हणावं की मशीन बंद करा असं मीच, मी सौमि